भोपळ्याच्या वेलाची मूळकूज : कोमेजलेला वेल नेहमीच तहानलेला नसतो

भोपळ्याचा वेल भर दुपारी पाने टाकून पडलेला दिसला म्हणजे शेतकऱ्याचा हात सहजच पाण्याकडे वळतो. वेल तहानलेला आहे अशी त्याची समजूत होते व तो आळे भरून पाणी देतो. दुसऱ्या दिवशीही वेल उठला नाही, तर पुन्हा पाणी दिले जाते. चार-सहा दिवसांत पाने पिवळी पडतात, वेल वाळतो आणि त्यावरील अर्धवट वाढलेली फळे ना बाजारात खपतात, ना घरात टिकतात. अशा वेळी वेल पाण्यावाचून मेला असे सांगितले जाते. वस्तुतः पुष्कळदा तो पाण्यानेच मेलेला असतो. त्याची मुळे जमिनीत कुजून गेलेली असतात, आणि कुजलेल्या मुळांना आळ्यात कितीही पाणी असले तरी ते वर चढविता येत नाही.

तांबडा भोपळा, डांगर, गंगाफळ, विदर्भात कोहळे, अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे पीक आपल्याकडे शेतात, बांधावर व परसात सर्वत्र घेतले जाते. त्याचे फळ मोठे, टिकाऊ आणि चांगले पैसे देणारे असते. परंतु फळ जितके मोठे, तितकी वेलाच्या मुळांवरील जबाबदारी अधिक. सबब या पिकाची मुळे का कुजतात, कूज वेळीच कशी ओळखावी आणि ती होऊच नये म्हणून काय करावे, याची माहिती प्रत्येक ग्राम कार्यकर्त्यास व शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

मोठे फळ आणि एकच मूळ

भोपळ्याचे मोठे फळ म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून परदेशातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर येथील हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने अनेक वर्षे निवड करून ‘अटलांटिक जायंट’ नावाचा वाण सिद्ध केला. १९८१ साली त्यांच्या एका भोपळ्याचे वजन ४९३.५ पौंड, म्हणजे सुमारे २२४ किलो भरले. त्याच वंशातील बियाण्यापासून पुढे याहूनही मोठी फळे निघत गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडात १,२७८ किलोंहून अधिक वजनाचा भोपळा तोलला गेला. हे फळ खाण्यासाठी नव्हे, तर स्पर्धेसाठी वाढवितात. एका वेलावर एकच फळ ठेवून बाकीची खुडून टाकतात.

आपल्या शेतकऱ्यास असल्या स्पर्धेचे प्रयोजन नाही. तथापि त्या बागाइतदारांचा एक अनुभव आपल्याही उपयोगाचा आहे. बी रुजल्यापासून फळ काढीपर्यंत तीन-चार महिने जातात, आणि या काळात बुंध्याशी कूज शिरली तर सर्व मेहनत एका आठवड्यात फुकट जाते. म्हणून हे लोक खतापेक्षाही बुंध्याभोवतालच्या कोरडेपणाची अधिक काळजी घेतात, आणि वेलाच्या पेरांवर माती चढवून त्याला जागोजाग नवी मुळे फुटू देतात. मुख्य मूळ दुखावले तरी वेल या मुळांवर तग धरतो. आपल्याकडील दहा-पंधरा किलोंच्या फळालाही हाच न्याय लागू आहे. मोठा भोपळा मिळावा म्हणून लावलेल्या वेलाने शेवटी हाती नुसताच ‘भोपळा’ ठेवावा, असे होऊ द्यावयाचे नसेल, तर आधी मुळाकडे पाहिले पाहिजे.

कूज कशाने होते?

वनस्पतीच्या मुळांनाही श्वासोच्छ्वासासाठी हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत काही भाग पाणी व काही भाग हवा असते. आळे सतत तुंबलेले राहिले म्हणजे या पोकळ्या पाण्याने भरून हवा बाहेर जाते व मुळे गुदमरतात. अशा अशक्त मुळांवर जमिनीत आधीच असलेल्या बुरशी हल्ला चढवितात. त्यांतील मुख्य पुढीलप्रमाणे आहेत.

पिथियम : ही पाण्यात वाढणारी बुरशी होय. बिहारमधील पुसा येथे संशोधन करणारे बटलर यांनी १९०७ साली या कुळाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले होते. रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडणे हे तिचे काम. मोठ्या वेलाची बारीक मुळेही ती कुजविते.

फायटोप्थोरा : ही पिथियमची भाऊबंद आहे. भोपळावर्गीय पिकांवर येणारी तिची जात लिओनियन यांनी १९२२ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे मिरचीवरून प्रथम वर्णन केली. मिरची, टोमॅटो, वांगी आणि भोपळावर्गीय वेल या सर्वांवर ती जगते. म्हणून मिरचीच्या रानात लगेच भोपळा लावणे धोक्याचे असते.

या दोन्ही बुरशींचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत जातात. आळ्यात साचलेले पाणी हा त्यांचा रस्ता आणि पाटाचे वाहते पाणी हे त्यांचे वाहन होय. आजचे शास्त्रज्ञ त्यांची गणना खऱ्या बुरशीत न करता वेगळ्या वर्गात करतात. ही गोष्ट औषध निवडताना महत्त्वाची ठरते, कारण खऱ्या बुरशीवर चालणारी काही औषधे यांच्यावर चालत नाहीत.

फ्युजेरियम : ही खरी बुरशी असून जमिनीत व बियाण्यावर राहते. ती बुंधा जमिनीलगत कुजविते. तिला साचलेल्या पाण्याची तितकी गरज नसते.

स्क्लेरोशियम : बुंध्याभोवती पांढऱ्या सुताचे जाळे आणि त्यात मोहरीच्या दाण्यासारख्या तपकिरी गोळ्या दिसल्या, तर ही बुरशी समजावी. या गोळ्या जमिनीत दीर्घकाळ जिवंत राहतात.

याखेरीज लाल भुंगेऱ्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे व बुंधा पोखरतात, आणि सूत्रकृमींमुळे मुळांवर गाठी येतात. त्यांनी केलेल्या जखमांतून बुरशीचा शिरकाव सुलभ होतो.

रोग ओळखावा कसा?

पहिली खूण वेळेची आहे. भोपळ्याची पाने फार मोठी असतात. कडक उन्हात त्यांतून पाण्याची वाफ इतक्या वेगाने होते की निरोगी वेलही दुपारी थोडा मान टाकतो, परंतु सायंकाळी तो पुन्हा ताठ होतो. ज्या वेलाची पाने सकाळी, उन्हे चढण्यापूर्वीही लोंबतात, त्याच्या मुळांविषयी संशय घ्यावा. म्हणून ग्राम कार्यकर्त्याने भोपळ्याच्या शेताची पाहणी शक्यतो सकाळी करावी.

दुसरी खूण मातीची आहे. बुंध्यापासून एक वीत अंतरावर चार बोटे खोल माती उकरून मुठीत दाबावी. माती कोरडी असून भुगा होत असेल, तर वेलाला खरोखरच पाणी हवे आहे. माती ओली असून तिचा गोळा होतो आणि तरीही वेल कोमेजला आहे, असे दिसले तर पाणी देऊ नये. हा एक नियम पाळला तरी कितीतरी वेल वाचतील.

तिसरी खूण प्रत्यक्ष मुळाची आहे. खुरप्याने एका बाजूची माती हलक्या हाताने काढून दोन-चार मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट व टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी व मऊ असून चिमटीत धरून ओढल्यास त्याची साल निसटून येते व आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. हे पिथियमचे लक्षण होय. बुंध्यावर पाण्याने भिजल्यासारखा काळपट डाग असून संपूर्ण वेल थोड्याच दिवसांत कोसळला, आणि जमिनीला टेकलेल्या फळावर पिठासारखा पांढरा थर आला, तर फायटोप्थोरा समजावी. बुंध्याची साल जमिनीलगत तपकिरी होऊन कुजली असेल व वेल एकेका फांदीने सावकाश वाळत असेल, तर फ्युजेरियमचा संभव अधिक. मुळांवर गाठी आढळल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव होय. निश्चित निदानासाठी बाधित मुळे व थोडी माती जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात तपासणीस द्यावी.

लागवडीपूर्वीची खबरदारी

मूळकुजीवरील खरा इलाज लागवडीपूर्वीच करावयाचा असतो. वेल कोसळल्यावर मेलेल्या मुळाला जिवंत करणारे औषध अद्याप नाही.

जमिनीची परीक्षा : लागवडीच्या जागी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा आणि तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात उभे दिसले, तर त्या जागी सपाट लागवड करू नये. भारी काळ्या जमिनीत हा प्रकार नेहमी आढळतो.

उंचवट्यावर लागवड : अशा जमिनीत सुमारे एक फूट उंचीचे गादीवाफे किंवा मातीचे रुंद उंचवटे करून त्यांच्या माथ्यावर बी टोकावे. शेताच्या उताराच्या बाजूने चर काढून पावसाचे जादा पाणी शेताबाहेर जाईल अशी व्यवस्था पेरणीपूर्वीच करावी. पाऊस सुरू झाल्यावर चर खणण्याची घाई करण्यात अर्थ नसतो.

फेरपालट : ज्या शेतात मूळकूज आढळली, तेथे किमान तीन वर्षे भोपळा, काकडी, दोडका, कारले, कलिंगड यांसारखी वेलवर्गीय पिके तसेच मिरची, टोमॅटो व वांगी घेऊ नयेत. मधल्या काळात ज्वारी, बाजरी किंवा मका घ्यावा.

उन्हाने माती तापविणे : एप्रिल-मे महिन्यांत आळ्यांची जागा ओलवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद घट्ट पसरावा, त्याच्या कडा मातीत दाबाव्यात व तो चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. कागदाखाली माती तापून वरच्या थरातील पुष्कळ बुरशी नष्ट होतात. इस्राएलमधील कॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. महाराष्ट्रातील कडक उन्हाळा या कामास फार अनुकूल आहे.

खत व ट्रायकोडर्मा : शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. अर्धवट कुजलेल्या खताच्या उष्णतेने कोवळी मुळे दुखावतात. १०० किलो कुजलेल्या शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून ढीग सावलीत ठेवावा, गोणपाटाने झाकावा व आठ-दहा दिवस ओलसर राहील असे पाहावे. नंतर हे खत आळ्यांत मिसळावे. ट्रायकोडर्मा ही बुरशीच आहे, परंतु ती रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालून त्यांवर आपली उपजीविका करते. तिचा हा गुण वेइंडलिंग यांनी १९३२ साली दाखवून दिला. बियाण्यासही दर किलोस ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून, सावलीत सुकवून मग पेरणी करावी. तिच्यासोबत त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक वापरू नये, अन्यथा ट्रायकोडर्माही मरून जाते.

पाणी कोठे व कसे द्यावे?

पाणी मुळांना द्यावयाचे असते, बुंध्याला नव्हे. वेल लहान असताना आळे लहान असते, तेव्हा हा फरक जाणवत नाही. वेल पसरू लागला की त्याची मुळेही दूर पसरतात, परंतु बहुतेक शेतात आळे मात्र तेवढेच राहते आणि पाणी बुंध्याशीच साचते. म्हणून वेलास चार-सहा पाने आल्यावर बुंध्याशी मातीची भर द्यावी व पाण्याची गोल चरी बुंध्यापासून हळूहळू दूर न्यावी. पूर्ण वाढलेल्या वेलाची चरी बुंध्यापासून किमान एक हात दूर असावी. ठिबक सिंचन असल्यास नळीही याच रीतीने बाजूला सरकवावी.

एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात असे पाणी वाहू देण्याची पद्धत सोडून द्यावी. पहिल्या आळ्यात रोग असेल, तर पोहणारे बीजाणू त्याच पाण्याबरोबर ओळीतील शेवटच्या वेलापर्यंत पोहोचतात. पाटातून प्रत्येक आळ्यास स्वतंत्र तोंड द्यावे. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे दिवसा माथ्याची माती सुकते. रात्रभर ओला राहणारा बुंधा व ओली पाने बुरशीस आमंत्रण देतात.

वेल दोन-अडीच हात लांब झाल्यावर पानाच्या देठाशी असलेल्या पेरांवर एकेक ओंजळ भुसभुशीत माती टाकावी. त्या ठिकाणी आगंतुक मुळे फुटतात. वाढते फळ ज्या बाजूस आहे, तिकडील दोन-तीन पेरांवर अशी माती अवश्य द्यावी. फळाखाली मात्र ओली माती राहू देऊ नये. वाळलेले गवत, कोरडी वाळू किंवा लाकडी फळी ठेवून फळ जमिनीपासून अलग करावे.

रोग दिसल्यावर काय करावे?

पूर्ण कोसळलेला वेल मुळासकट, भोवतालच्या मातीसह उपटून शेताबाहेर जाळावा. तो उकिरड्यात किंवा पाटात टाकू नये. उपटलेल्या जागेचे पाणी बंद करावे. या कामाचे खुरपे व कुदळ धुऊन मगच निरोगी वेलांकडे न्यावी.

नुकताच कोमेजू लागलेला वेल पुढील रीतीने वाचविण्याचा प्रयत्न करता येतो. प्रथम पाणी थांबवावे व साचलेल्या पाण्यास चर काढून वाट द्यावी. बुंध्याभोवतालची माती अलगद मोकळी करून दोन दिवस वारा लागू द्यावा. वेलावरील फळांपैकी सर्वांत चांगले एकच राखून बाकीची काढावीत, म्हणजे उरलेल्या मुळांवरील भार कमी होईल. पेरांवर माती देऊन नवी मुळे फुटू द्यावीत.

तदनंतर या वेलाच्या व शेजारील निरोगी वेलांच्या बुंध्याभोवती एक टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करावी. त्यासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात व १ किलो कळीचा चुना ५० लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा. चुन्याची निवळी गार झाल्यावर गाळून घ्यावी व दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावी. भांडी लाकडी, मातीची किंवा प्लास्टिकची असावीत, लोखंडी नसावीत. तयार मिश्रणात कोयत्याचे घासलेले पाते काही वेळ बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर बसला तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. ते कोवळ्या पानांवर पडू देऊ नये, कारण भोपळ्याची पाने नाजूक असतात.

पिथियम व फायटोप्थोरा यांचा उपद्रव असल्याचे निश्चित झाल्यास मेटॅलॅक्झिल व मँकोझेब यांचे संयुक्त औषध उपयोगी पडते. फ्युजेरियमवर मेटॅलॅक्झिलचा परिणाम होत नाही. म्हणजे निदान न करता औषध ओतणे हा केवळ खर्च होय. कोणतेही औषध वेष्टनावर दिलेले पीक, प्रमाण व फळतोडणीपूर्वी पाळावयाचा काळ पाहूनच वापरावे, हातमोजे घालावेत आणि औषधाची भांडी घरातील वापरात आणू नयेत.

पानांवरील दोन बुरशी

मूळकुजीशी गफलत होऊ नये म्हणून पानांवरील दोन रोगांचाही येथे उल्लेख करणे इष्ट आहे. भुरी रोगात पानाच्या वरच्या बाजूस पीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. कोरड्या हवेतही हा रोग वाढतो. त्यावर पाण्यात मिसळणारे गंधक गुणकारी आहे, परंतु कडक उन्हात ते फवारल्यास पाने करपतात. म्हणून फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, थंड वेळी करावी. केवडा रोगात पानाच्या वरच्या बाजूस पिवळे डाग व सकाळी दव असताना खालच्या बाजूस करड्या-जांभळट रंगाची लव दिसते. ओलसर हवेत तो वेगाने पसरतो. केवड्यावर गंधकाचा उपयोग होत नाही. तेथे मँकोझेबसारखे औषध लागते. दोन्ही रोगांत पाने खराब होतात, पण मुळे पांढरी व टणकच असतात. हा फरक ध्यानात ठेवल्यास पानाचा रोग मुळात आणि मुळाचा रोग पानात शोधण्याची चूक होणार नाही.

ग्राम कार्यकर्त्यांस सूचना

प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या हद्दीत एका तरी शेतकऱ्याच्या शेतावर लहानसे प्रात्यक्षिक घडवून आणावे. एक ओळ नेहमीप्रमाणे सपाट आळ्यांत व शेजारची ओळ उंचवट्यावर, बुंध्यापासून दूर पाणी देऊन लावावी. बियाणे, खत व पेरणीचा दिवस दोन्हींस एकच असावा. पावसाळ्याच्या मध्यास गावकऱ्यांना सकाळच्या वेळी तेथे जमवून दोन्ही ओळींतील एकेका वेलाचे मूळ उकरून दाखवावे. पांढरे मूळ व तपकिरी मूळ शेजारी ठेवून पाहिल्यावर जे पटते, ते दहा व्याख्यानांनी पटत नाही.

कोमेजलेला वेल पाहून कोणी सल्ला विचारावयास आला, तर कार्यकर्त्याने प्रथम औषधाचे नाव सांगू नये. त्याने तीन प्रश्न विचारावेत : वेल सकाळीही कोमेजलेला असतो काय? चार बोटे खालची माती ओली आहे काय? मुळाचा रंग कोणता आहे? या तिन्हींची उत्तरे शेतकऱ्याने स्वतः शेतात पाहून आणावीत. ज्या शेतकऱ्यास ही सवय लागली, तो पुढच्या हंगामात पाण्याचे दार उघडण्यापूर्वी खुरपे हातात घेईल, आणि त्याच्या वेलावरील फळ पुरते वाढून, देठ टणक होऊन घरी येईल.